विंचूदंशावरील उपचार: महाडमधील संशोधनाची पार्श्वभूमी

कोकणात विंचू चावणे ही नवलाची गोष्ट नाही. जांभ्याच्या भिंतींतील फटी, सरपणाचा ढीग, भाताचा पेंढा अशा ठिकाणी तो दडून असतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस व भातकापणीच्या सुमारास दंशाचे प्रमाण वाढते. काळ्या विंचवाच्या दंशाने असह्य ठणका लागतो, पण सहसा जीव जात नाही. लाल विंचवाचे तसे नाही. त्याच्या तीव्र विषबाधेत दंशाच्या जागी वेदना कमी असूनही रुग्ण काही तासांत दगावू शकतो, आणि या विसंगतीमुळेच हा आजार दीर्घकाळ नीट ओळखला गेला नाही.

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा अशा रुग्णांना अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड किंवा ॲट्रोपिन देण्याची पद्धत होती. या औषधांनी मृत्यू टळत नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. आधी उलटी होते, अंगावरचे कपडे भिजतील इतका घाम फुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुढे धाप लागते, खोकला सुरू होतो आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. हा फेस म्हणजे फुप्फुसात पाणी भरल्याची खूण. हृदयावरील परिणामांची ही पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी 1982 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली. आरोग्य केंद्रातील तुटपुंज्या साधनांनिशी केलेले हे निरीक्षण माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे, कारण औषधाचा शोध त्यानंतरच योग्य दिशेने सुरू होऊ शकला.

या लक्षणांचे कारण असे होते: विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या वेळेवर मिटत नाहीत, त्यामुळे ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि त्या ताणाखाली हृदय थकत जाते. म्हणजे ज्या अल्फा ग्राहींमार्फत (या द्रव्यांचा संदेश टिपणाऱ्या पेशींवरील जागांमार्फत) रक्तवाहिन्या आकसतात, तेच रोखायला हवे होते. ते काम करणारे प्राझोसिन हे औषध उच्च रक्तदाबासाठी आधीपासूनच वापरात होते. ते स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात तोंडावाटे देता येत होते. विंचूदंशातील त्याच्या उपयोगाविषयी डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे लेखन 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आले. वजनाच्या दर किलोमागे 30 मायक्रोग्रॅम अशी मात्रा ठरली. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला उठू न देता आडवेच ठेवावे लागते, आणि गार हातपाय पुन्हा उबदार होईपर्यंत ठरावीक अंतराने औषध द्यावे लागते. तीव्र विषबाधेत पूर्वी सुमारे 30 टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर 1 टक्क्याच्या आसपास आले. एवढ्या साध्या गोळीने कोकणातील किती घरांतली मुले वाचली असतील, हा विचार मनातून जात नाही.

तरीही प्राझोसिन विष निष्प्रभ करत नाही, केवळ त्याचे परिणाम रोखते. पुढे लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकीन या लस व औषधे बनवणाऱ्या संस्थेत तयार होऊ लागले आणि दोन्ही एकत्र दिल्यास काय होते, हा प्रश्न पुढे आला. महाड येथे 70 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. दहा तासांत पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण केवळ प्राझोसिन घेतलेल्या गटात सुमारे 23 टक्के, तर दोन्ही घेतलेल्या गटात सुमारे 91 टक्के होते. रुग्ण बरा होत असल्याची खूण मात्र आजही तीच आहे: हातपायांत ऊब येते आणि दंशाच्या जागी आधी न जाणवलेला ठणका सुरू होतो.