कलंडणं वेगळं, थडथडणं वेगळं

जमिनीवरचं हेलिकॉप्टर मोडलं की 'हादरे बसले आणि कलंडलं' असं एका दमात सांगून लोक मोकळे होतात. ग्राउंड रेझोनन्स (पात्यांचा तोल बिघडून जमिनीवरच वाढत जाणारी थडथड) आणि डायनॅमिक रोलओव्हर (जमिनीला अडकलेल्या बाजूवर कलंडणं) यांची ही सरमिसळ मला खटकते, कारण एकावरचा उतारा दुसऱ्यात जीव घेतो.

रेझोनन्सचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. चेतक हेलिकॉप्टरसारखी तीन पाती, बिजागरीवर किंचित मागेपुढे होणारी. चाक आपटलं, पात्यांमधलं अंतर बिघडलं, की काही सेकंदांत यंत्र खिळखिळं. दोन पात्यांच्या रॉबिन्सन आर-४४ला ही भीती नाही. मूळ अनेकदा डॅम्परच्या (झटके शोषणाऱ्या भागाच्या) किंवा टायरच्या देखभालीत सापडतं.

रोलओव्हर मात्र बहुतेकदा पायलटच्या हातून होतो. पाऊस पडून गेलेलं मैदान, उजवा स्किड (चाकांऐवजी असलेली आडवी नळी) चिखलात रुतलेला. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर उचलणारा दांडा) ओढला की डावा स्किड उठतो, उजवा जागचा हलत नाही. हवेत हेलिकॉप्टर स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती कलतं आणि सायक्लिकचं (कल सांभाळणाऱ्या दांड्याचं) लगेच ऐकतं. इथं ते रुतलेल्या स्किडभोवती फिरतंय. बंद हेलिकॉप्टर नुसतं कलवून पाडायला साधारण ३० अंश लागतील. इथं रोटरच ढकलतोय, म्हणून कलण्याला वेग आला की ५ ते ८ अंशांतच सायक्लिक पूर्ण उलटा दाबूनही उपयोग नसतो.

नेमक्या याच वेळी हात म्हणतो, अजून ओढ, सुटेल. तिथंच घात होतो! कललेला रोटर नुसता वर ओढत नाही, आडवाही ओढतो. जितका जोर द्याल तितकं लवकर उलटेल. कलेक्टिव्ह खालीच न्यायचा, न थांबता पण न आपटता. आपटला तर यंत्र उसळून दुसऱ्या बाजूला जाऊ शकतं. रेझोनन्समध्ये याच्या उलट: रोटर उड्डाणाच्या पूर्ण वेगानं फिरत असेल तर तडक उचलायचं. फेरे कमी असतील तरच थ्रॉटल बंद आणि कलेक्टिव्ह खाली.

निलंग्याचा २५ मे २०१७चा, तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हेलिकॉप्टरचा अपघात या दोन्हींत बसत नाही. ते हवेत उठलं होतं, मग विजेच्या तारांना लागून खाली आलं.

बांधलेला दोर, इंधनाचा पाइप, चिखल हे निघण्याआधी खाली वाकून बघावं. आणि स्किडचं हेलिकॉप्टर उचलताना स्किड जेमतेम हलके झाले की क्षणभर थांबावंच. एक बाजू चिकटलेली असेल तर ती तेव्हाच जाणवते, आणि कलेक्टिव्ह खाली न्यायला अजून वेळ असतो.