लेक्समार्कचा सॉफ्टवेअरकडे वळलेला प्रवास : पार्श्वभूमी

केंटकीतील लेक्सिंग्टन येथला टंकलेखन यंत्रे आणि प्रिंटर बनवण्याचा व्यवसाय आयबीएमने १९९१ मध्ये विकला आणि त्यातून लेक्समार्क उभी राहिली. पुढची जवळपास दोन दशके प्रिंटर स्वस्तात देऊन कार्ट्रिजवर कमाई करण्यात गेली. कार्यालयांतली छपाई घटू लागेल हे दिसल्यावर, २०१० मध्ये, कंपनीने सुमारे २८ कोटी डॉलरना रुग्णालये व विद्यापीठांच्या दस्तऐवजांचे व्यवस्थापन करणारी एक सॉफ्टवेअर कंपनी घेतली. २०१२ मध्ये लेक्समार्कने इंकजेट प्रिंटर बनवणे थांबवण्याचे जाहीर केले, ज्यात जगभरातील सुमारे १,७०० जणांच्या नोकऱ्या जाणार होत्या.

खरा वाद २०१५ च्या खरेदीचा आहे : ती घाईत केलेली कल्पना होती, असा आक्षेप घेतला जातो. सुमारे १ अब्ज डॉलर मोजून लेक्समार्कने कोफॅक्स घेतली. स्कॅन केलेल्या बिलांतून आणि अर्जांतून माहिती वेचून ती पुढच्या यंत्रणेकडे पाठवणे, हे कोफॅक्सचे काम. कागद संगणकात शिरतो तो बहुधा कार्यालयातल्या, छपाई आणि स्कॅन दोन्ही करणाऱ्या बहुउद्देशीय यंत्रातूनच, म्हणून यंत्र आणि त्यामागची प्रक्रिया एकाच कंपनीने पुरवावी, हा खरेदीमागचा विचार तर्कशुद्ध होता आणि त्याला घाईची कल्पना म्हणणे अन्यायाचे ठरेल. अडचण विक्रीत होती : प्रिंटरचा करार करणारा खरेदी विभाग आणि बिलांची प्रक्रिया बदलू पाहणारा वित्त विभाग हे दोन वेगळे ग्राहक असतात, आणि दुसऱ्याला पटवायला वर्षे लागतात. एवढा अवधी मिळालाच नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने स्वतःच्या विक्रीसह सर्व पर्याय तपासत असल्याचे जाहीर केले.

२०१६ मध्ये चिनी नेतृत्वाखालील गटाने लेक्समार्क सुमारे ३.६ अब्ज डॉलरना घेतली. या गटाची प्रमुख कंपनी पर्यायी (म्हणजे मूळ प्रिंटर-कंपनीऐवजी इतरांनी बनवलेल्या) कार्ट्रिजच्या चिप बनवणारी होती, म्हणजे ज्या बाजारपेठेला लेक्समार्कने वर्षानुवर्षे न्यायालयात विरोध केला, तिथूनच नवा मालक आला. नव्या मालकांनी २०१७ मध्ये सॉफ्टवेअर विभाग एका गुंतवणूक संस्थेला विकला आणि तो कोफॅक्स याच नावाने वेगळा चालू लागला.

लेक्समार्ककडे उरले ते यंत्रांशी निगडित सॉफ्टवेअर : क्लाउडवरून शेकडो प्रिंटरची देखरेख करणे, सेन्सरच्या नोंदींवरून बिघाडाचा अंदाज बांधणे आणि तोच अनुभव इतर उद्योगांच्या यंत्रांसाठी वापरणे. जुलै २०२५ मध्ये झेरॉक्सने सुमारे दीड अब्ज डॉलरच्या व्यवहारात लेक्समार्क ताब्यात घेतली, तेव्हा प्रिंटरबरोबर ही देखरेख-सेवाही तिच्याकडे गेली.