संशोधन सेमिनार (विद्युत अभियांत्रिकी)

विद्युत अभियांत्रिकी विभागातल्या एम.टेक. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपल्या चालू संशोधनावर प्राध्यापकांपुढे आणि सहाध्यायांपुढे दिलेले व्याख्यान. बोलताना सगळे नुसते ‘सेमिनार’च म्हणतात. अर्धा-पाऊण तास विद्यार्थी स्लाइड दाखवत बोलतो, मग प्रश्न होतात. हे काम अजून पुरे झालेले नसते, आणि सेमिनारची खरी किंमत त्यातच आहे. छापून आलेल्या निबंधातली चूक दाखवली, तर फार तर शुद्धिपत्र निघते. सेमिनारमध्ये दाखवलेली चूक दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन दुरुस्त करता येते.

‘सेमिनार’ शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘सेमिनारियम’ म्हणजे रोपवाटिका आहे. विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न सोडवून तो इतरांसमोर मांडायचा, ही रीत जर्मन विद्यापीठांत रुजली. त्या काळी प्रशियात असलेल्या क्यॉनिग्जबर्ग विद्यापीठात फ्रान्झ नॉयमान आणि कार्ल याकोबी यांनी 1834 मध्ये गणित-भौतिकीचा सेमिनार सुरू केला. भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव्ह किरखॉफ तिथलाच विद्यार्थी. सर्किटमधल्या प्रवाहाचे आणि व्होल्टेजचे त्याचे दोन नियम 1845 मधले आहेत. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि ते काम सेमिनारचा अभ्यास म्हणून त्याने केले होते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्युत अभियंता जे नियम वापरतो, ते एका विद्यार्थ्याच्या सेमिनारातून आले, हे वर्गात आवर्जून सांगायला हवे. पुढे अमेरिकेत क्लॉड शॅनन या दुसऱ्या विद्यार्थ्याने एमआयटीतल्या 1937 च्या पदव्युत्तर प्रबंधात रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, यांच्या सर्किटांना बूलच्या ‘खरे-खोटे’ या दोनच मूल्यांच्या बीजगणिताची जोड दिली आणि अंकीय सर्किटांच्या शास्त्राचा पाया घातला.

भारतात विद्युत अभियांत्रिकीच्या सर्वांत जुन्या विभागांपैकी एक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे; तिथले हे शिक्षण 1911 पासूनचे आहे. पवईची आयआयटी 1958 ची. तिथे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दरवर्षी ‘ॲन्युअल प्रोग्रेस सेमिनार’ द्यावा लागतो; विद्यार्थ्यांच्या तोंडी तो ‘एपीएस’. गाईड आणि इतर प्राध्यापक मिळून झालेली संशोधन प्रगती समिती, म्हणजे ‘आरपीसी’, आधी लेखी अहवाल वाचते, मग व्याख्यान ऐकते आणि काम समाधानकारक आहे की नाही ते ठरवते. प्रबंध सादर करण्याआधी प्री-सिनॉप्सिस, म्हणजे सगळ्या कामाचा आढावा देणारा सेमिनार, आणि शेवटी जाहीर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. राज्यातल्या विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू आहेत. 2022 च्या नियमावलीप्रमाणे विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहून प्रगती सांगायची असते. यात पोटापाण्याचाही भाग आहे. दोन वर्षांनंतर कनिष्ठ फेलोशिपची वरिष्ठ फेलोशिप होते ती कामाचे मूल्यमापन झाल्यावरच. जानेवारी 2023 पासून केंद्र सरकारने ठरवलेल्या या दोन्हींच्या रकमा महिन्याला 37,000 आणि 42,000 रुपये आहेत. घरी पैसे पाठवणाऱ्या विद्यार्थ्याला या पाच हजारांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सेमिनार सगळ्याच विभागांत होतात, पण विद्युत विभागाची अडचण निराळी आहे. एकाच छपराखाली एक जण लाखो व्होल्टच्या वाहिन्यांवर काम करतो, दुसरा मेंदूतून येणारे मायक्रोव्होल्टचे संकेत मोजतो, तिसरा चिपवरचे नॅनोमीटर मोजतो आणि चौथ्याच्या वहीत संभाव्यतेच्या सिद्धांताशिवाय काही नसते. पदवी चौघांची एकच. तरी एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आणि ती कळावी म्हणून विभागात सेमिनारइतकी सोयीची दुसरी जागा नाही.

एक उदाहरण घेऊ. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी इन्व्हर्टरवर, म्हणजे डीसी विजेची एसी करून मोटर चालवणाऱ्या उपकरणावर, बोलतो आहे. इन्व्हर्टरच्या प्रत्येक लेगमध्ये, म्हणजे स्विचांच्या जोडीत, एक वरचा आणि एक खालचा स्विच असतो. दोन्ही एकदम चालू झाले तर डीसी पुरवठा शॉर्ट होऊन स्विच जळतात. म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करण्याआधी क्षणभर थांबतात. हाच ‘डेड टाइम’. तो 2 मायक्रोसेकंद, स्विचिंग 10 किलोहर्ट्झ (सेकंदाला दहा हजार वेळा) आणि डीसी व्होल्टेज 600 धरले, तर सरासरी व्होल्टेजमध्ये 12 व्होल्टची चूक येते. मोटर पूर्ण वेगात असताना ती जाणवत नाही. मोटर हळू फिरत असताना लागणारे व्होल्टेजच 60 असेल, तर ही चूक त्याचा पाचवा हिस्सा होते. पडद्यावर करंटची लाट दिसते आहे आणि शून्य ओलांडताना तिची रेघ जरा सपाट होते. वक्त्याला ती सवयीची झाली आहे, तो पुढच्या स्लाइडवर जातो. मागच्या रांगेतून सिग्नल प्रोसेसिंगची विद्यार्थिनी विचारते, “सर्वत्र गोल असलेली रेघ तिथेच सपाट का?” डेड टाइममुळे, असे उत्तर येते. “मग तेवढे व्होल्टेज आधीच वाढवून का देत नाही?” देतात, पण किती द्यायचे यापेक्षा कुठल्या दिशेने द्यायचे हे अवघड असते. ते करंटच्या दिशेवर ठरते, आणि शून्याजवळ मोजणीतला गोंगाट इतका असतो की दिशाच ओळखता येत नाही. गोंगाटातून संकेत वेगळा काढणे हे तर तिचे रोजचे काम! अशा प्रश्नाने प्रबंधाचे एक प्रकरण उभे राहू शकते.

सेमिनारच्या आदल्या रात्री लॅबमध्ये तालीम होते. सिनियर मंडळी आलेखांवर तुटून पडतात: अक्षाला एकक नाही, डीबी (दोन शक्तींचे गुणोत्तर) आणि डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) यांची गल्लत आहे, सिम्युलेशन कुठले आणि प्रत्यक्ष मोजलेले कुठले ते कळत नाही. स्लाइड इंग्रजीत, व्याख्यानही इंग्रजीतच. तालमीतली चर्चा मात्र मराठी-हिंदीत होते आणि गुंता तिथेच सुटतो. मराठी माध्यमातून आलेल्या कित्येकांना विषय पक्का येत असतो, पण प्रश्न आला की इंग्रजी वाक्य जुळवण्यात त्यांचा वेळ जातो, आणि समोरच्यांना वाटते की उत्तर येत नाही. परीक्षकांनी अशा वेळी थोडे थांबावे, फळ्यावर आकृती काढायला सांगावे. हातात खडू आला की बहुतेकांची गाडी रुळावर येते.

खरी उणीव श्रोत्यांची आहे. व्याख्यानाची ईमेल सगळ्या विभागाला जाते, तरी पुष्कळदा येतात ते त्याच लॅबचे चौघे-पाच जण, आणि त्यांनी ते सगळे आधीच ऐकलेले असते. म्हणून काही संस्था अनेक गटांची व्याख्याने एकत्र ठेवतात. भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी, इलेक्ट्रिकल कम्युनिकेशन, इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स आणि संगणकशास्त्र हे चार विभाग एका शाखेत येतात, आणि त्या शाखेच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या परिसंवादात इन्व्हर्टरवाला आणि अल्गोरिदमवाला एकाच सभागृहात बसून एकमेकांना ऐकतात.