बॅटमॅन: आर्खम नाइट (खेळणाऱ्यांची मतं)

बॅटमॅन: आर्खम नाइट हा लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओजने बनवलेला आणि वॉर्नर ब्रदर्सने काढलेला सुपरहिरो ॲक्शन गेम, २३ जून २०१५ ला प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि विंडोजवर आला. रॉकस्टेडीच्या आर्खम मालिकेतला हा तिसरा आणि शेवटचा भाग, आधी आर्खम असायलम (२००९) आणि आर्खम सिटी (२०११), आणि मध्ये २०१३ मध्ये आर्खम ओरिजिन्स आला होता पण तो वॉर्नरच्या मॉन्ट्रिअलच्या टीमने केला होता. ही नोंद गेमच्या कथेपेक्षा तो खेळणाऱ्या लोकांना तो कसा वाटला याबद्दल जास्त आहे, कारण इतकं टोकाचं आणि वर्षागणिक बदलत गेलेलं मत दुसऱ्या कुठल्या सुपरहिरो गेमच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. कथेतले सगळे ट्विस्ट खाली उघड केलेत, तेव्हा गेम खेळायचा असेल तर आधी खेळून घ्या.

अपेक्षा किती होत्या ते आधी सांगायला पाहिजे. असायलम यायच्या आधी सुपरहिरोचा गेम म्हणजे पिक्चर आला की त्याच्यासोबत घाईघाईत काढलेला काहीतरी माल अशीच बहुतेकांची समजूत होती आणि ती फारशी चुकीची पण नव्हती. असायलमने ती मोडली, सगळ्यात जास्त वाखाणलेला सुपरहिरो गेम म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. फ्रीफ्लो नावाची मारामारीची पद्धत तिथून आली, म्हणजे एक बटण मारायला, एक उलटवायला, एक केप फिरवून समोरच्याला गांगरवायला, आणि ठोसा चुकला नाही की कॉम्बोचा आकडा वाढत जातो आणि दहा-पंधरा गुंडांच्या घोळक्यात बॅटमॅन या टोकापासून त्या टोकाला नाचल्यासारखा फिरतो. हे नंतर इतक्या गेम्सनी उचललं की आज त्याचं नवल वाटत नाही. दुसरी बाजू लपून शिकार करण्याची, छताजवळच्या गारगॉइलवर (इमारतीवरची दगडी राक्षसाची मूर्ती) बसायचं आणि खालच्या बंदूकवाल्यांना एकेक करून गायब करायचं, उरलेले घाबरून एकमेकांना हाका मारायला लागतात. हे दोन्ही आर्खम नाइटमध्ये सगळ्यात पॉलिश होऊन आलं, आणि या मुद्द्यावर बॅटमोबिलला, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीला, शिव्या देणारे आणि बॅटमोबिल आवडणारे दोघंही एकमत आहेत. फिअर टेकडाउन नावाची नवीन युक्ती होती, न दिसता जवळ गेलात तर एका दमात तीन जण गार, अपग्रेड केल्यावर पाच, आणि ती पहिल्यांदा जमते तेव्हा तोंडातून आवाज निघतोच.

पीसीचा घोळ

पीसीवर पहिल्या दिवशी जे झालं त्याने गेमचं नाव कायमचं डागाळलं. पीसी आवृत्तीचं काम बाहेरच्या एका छोट्या टीमला दिलेलं होतं आणि ती आली ती सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, यावर कुलूप लावून, आणि ते ३० सुद्धा धड मिळत नव्हते, बॅटमोबिल जोरात पळवली की चित्र अटकत अटकत पुढे सरकायचं, महागड्या ग्राफिक्स कार्डवाल्यांचं पण तेच. वर पावसाचे काही इफेक्ट आणि सावल्यांची बारीक कामं कन्सोलवर दिसत होती ती पीसीवर गायबच होती. पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाला आपल्या मशीनवर स्वस्तातल्या कन्सोलपेक्षा वाईट चित्र दिसतंय म्हटल्यावर तो चिडणारच, आणि लोक चिडले. लोकांनी मग गेमच्या फोल्डरमधली बीएमसिस्टिमसेटिंग्ज नावाची फाईल उघडून ३० च्या जागी ६० लिहायला सुरुवात केली, ज्यांचं मशीन दणकट त्यांचं काम थोडंफार झालं, बाकीच्यांचा गेम अजूनच लडखडला.

योगायोग असा की पीसी गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने पैसे परत देण्याची सोय त्याच महिन्याच्या सुरुवातीला चालू केली होती, १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. त्याआधी असा गेम निघाला असता तर लोक फक्त ओरडले असते, यावेळी त्यांच्या हातात खरोखर काहीतरी होतं आणि त्यांनी ते वापरलं. रिलीजच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्नरने पीसीवरची विक्री थांबवली. इतक्या मोठ्या गेमची विक्री कंपनी स्वतःहून थांबवते हे अगदी क्वचित घडलंय, आणि ते घडलं ते खेळणाऱ्यांच्या मतामुळे, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. २८ ऑक्टोबर २०१५ ला गेम परत विक्रीला आला, तरी १२ जीबी रॅम असेल तर बरं असा सल्ला सोबत होताच, आणि तक्रारी थांबल्या नाहीत तेव्हा वर्षाच्या शेवटापर्यंत कितीही तास खेळलेला असला तरी पूर्ण पैसे परत देऊ असं कंपनीने जाहीर केलं. मॅक आणि लिनक्सवर येणार होता तो पुढच्या वर्षी रद्दच झाला.

मी हा गेम पहिल्यांदा मित्राच्या कन्सोलवर पाहिला आणि मग घरी आठ जीबी रॅमवर चालवायचा प्रयत्न केला, त्यामुळे एकाच गेमबद्दल दोन माणसं दोन वेगळ्या जगात राहिल्यासारखी का बोलायची ते मला चांगलंच कळतं. २०१५ मधली मतं वाचताना हे पहिलं बघायचं, बोलणारा कशावर खेळला होता.

बॅटमोबिल

खरा वाद मात्र बॅटमोबिलचा, आणि तो आजपर्यंत मिटलेला नाही. मालिकेत पहिल्यांदाच बॅटमोबिल चालवायला मिळणार म्हणून जाहिरातींपासूनच लोक खूश होते. उंच इमारतीवरून उडी मारायची, खाली येता येता बटण दाबायचं आणि गाडी धावत येऊन तुम्हाला झेलते, किंवा भरधाव गाडीतून स्वतःला वर फेकून घेऊन थेट केप उघडून तरंगायला लागायचं, हे ज्याने केलंय तो दहा वर्षांनी पण हात हवेत फिरवून ते सांगतो. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही.

तक्रार आहे ती टँकची. एक बटण दाबून धरलं की गाडीचा रणगाडा होतो, ६० एमएमची तोफ, मशीनगन, मिसाइल, आणि समोर शत्रूचे ड्रोन रणगाडे, त्यांच्या नेमाच्या रेषा दिसतात त्या चुकवायच्या आणि उलटं मारायचं. पहिल्या चार-पाच वेळा मजा येते. पण गेम ते थांबवतच नाही, मुख्य कथेत रणगाडे, बाँब निकामी करायचा तरी रणगाडे, साइड मिशनमध्ये रणगाडे, कोडी घालणाऱ्या रिडलर या खलनायकाचे तर आख्खे रेसट्रॅक जमिनीखाली बांधलेले, आणि मग कोब्रा नावाचे जाड रणगाडे येतात ज्यांच्या मागून हळूच जाऊन पाठीत गोळी घालायची, म्हणजे लपाछपीसुद्धा रणगाड्यातूनच. खेळणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं, आम्ही बॅटमॅन व्हायला आलो आणि अर्धी रात्र आम्हाला रणगाड्याचा ड्रायव्हर करून ठेवलं.

दुसरी बाजू पण ऐकायला हवी. काहींना रणगाड्याची लढाई मनापासून आवडते, त्यांच्या मते नियंत्रण अगदी चोख आहे, आडवं सरकणं आणि नेम धरणं यात एक लय आहे, आणि आधीच्या दोन गेममध्ये जे केलं तेच तिसऱ्यांदा दिलं असतं तर हेच लोक नवीन काहीच नाही म्हणून ओरडले असते. तेही खोटं नाही. पण माझं मत पहिल्या बाजूकडे झुकतं, आणि त्याचं कारण लढाई वाईट आहे हे नाही. बॅटमॅन जीव घेत नाही, हा त्याचा नियम, म्हणून शत्रूचे जवळजवळ सगळे रणगाडे माणसाविना चालणारे आणि गुंड गाडीसमोर आले की विजेचा झटका बसून बाजूला उडतात, आणि हे सगळं कथेत सांभाळायला जी कसरत करावी लागली ती बघून लक्षात येतं की तोफ या माणसाच्या हातात शोभतच नाही. भिंतीआडून भीती दाखवणारा माणूस तो.

बॉस फाइटची, म्हणजे मोठ्या खलनायकांशी होणाऱ्या लढायांची, तक्रार इथूनच निघते. आर्खम सिटीत मिस्टर फ्रीझशी झालेली लढाई लोक अजून आठवतात, एक युक्ती एकदा वापरली की तो ती बंद करून टाकायचा आणि तुम्हाला नवीन काहीतरी शोधावं लागायचं. ओरिजिन्समध्ये डेथस्ट्रोक या भाडोत्री मारेकऱ्याशी समोरासमोरची लढाई तर अनेकांच्या मते मालिकेतली सर्वात भारी. तोच डेथस्ट्रोक आर्खम नाइटमध्ये येतो तेव्हा रणगाड्यात बसून येतो, त्याला मागून गोळ्या घालायच्या, आणि शेवटी छोट्याशा सीनमध्ये बॅटमॅन त्याला एका फटक्यात झोपवतो. डेथस्ट्रोकचा चाहता असलेल्या माणसासमोर हा विषय काढू नये.

तो नाइट कोण

गेमचं नाव ज्याच्यावरून आलं तो आर्खम नाइट हा एकदम नवा खलनायक आहे असं रिलीजच्या आधी सांगण्यात आलं होतं. कॉमिक्स वाचणाऱ्यांनी ट्रेलर बघूनच ओळखलं की हा जेसन टॉड असणार, बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, आणि प्री-ऑर्डर, म्हणजे आधीच नोंदणी, करणाऱ्यांना रेड हूडचा छोटा भाग मिळणार हे कळल्यावर तर शंकाच उरली नाही, कारण रेड हूड म्हणजेच मोठा झालेला जेसन. त्यात गेमच्या मध्यावर जोकर जेसनचा छळ करतोय अशी दृश्यं अचानक दिसायला लागतात, त्या जेसनचं आधी या मालिकेत कधी नावही नीट घेतलं नव्हतं. तेव्हा मुखवटा निघतो त्या क्षणाला धक्का बसायला हवा तो कॉमिक्सवाल्यांना बसलाच नाही, आणि आपल्याला खोटं सांगितलं गेलं हा राग वेगळाच राहिला. ज्यांनी कॉमिक्स वाचली नव्हती त्यांचं उलट, त्यांना हा प्रसंग रडवून गेला, मी अशा दोघा-तिघांना ओळखतो.

जेसनच्या बाबतीत चाहत्यांचं मत हा प्रकार जुनाच आहे. १९८८ मध्ये बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसीने वाचकांना फोन करून मत द्यायला सांगितलं होतं, या रॉबिनला जगवायचं की मारायचं, आणि ५,३४३ विरुद्ध ५,२७१ अशा फक्त ७२ मतांच्या फरकाने तो मेला. त्यालाच घेऊन केलेला हा गेम पुन्हा लोकांच्या मतात सापडला.

जोकरबद्दल मात्र सगळे खूश. तो आर्खम सिटीच्या शेवटी मेलेला, आणि हा गेम सुरू होतो तोच त्याच्या दहनाने, भट्टीचं बटण सुद्धा खेळणाऱ्यालाच दाबायला लावतात. मग स्केअरक्रो या खलनायकाच्या भीतीच्या वायूने आणि अंगात गेलेल्या जोकरच्या रक्ताने तो बॅटमॅनच्या डोक्यात परत येतो, गच्चीच्या कठड्यावर बसलेला, जाहिरातीच्या बोर्डावर, कधी भिंतीला टेकून, आणि प्रत्येक गोष्टीवर बोलत राहतो. जोकरला मार्क हॅमिल आणि बॅटमॅनला केविन कॉन्रॉय यांचे आवाज, दोघं समोरासमोर, यापुढे टँकचा सगळा कंटाळा माफ करणारे पुष्कळ आहेत. पोलीस कमिशनरची मुलगी आणि बॅटमॅनची साथीदार बार्बरा गॉर्डन हिला कथेत ज्या तऱ्हेने वापरलंय, पळवून नेणं आणि मग तिच्या मृत्यूचा भास, त्यावर मात्र टीका झाली आणि ती रास्तच आहे.

शेवटाची तक्रार जरा वेगळी. पूर्ण शेवट बघायचा तर सगळं १०० टक्के करावं लागतं, त्यात रिडलरची २४३ आव्हानं पण आली, ट्रॉफ्या आणि कोडी आणि तोडफोड सगळं मिळून. इतके तास घालवून मिळतं ते छोटंसं जास्तीचं दृश्य, त्यामुळे बहुतेकांनी ते यूट्यूबवर बघून घेतलं. सीझन पास, म्हणजे नंतर येणाऱ्या जास्तीच्या भागांचा एकगठ्ठा पास, ४० डॉलरचा होता आणि त्यात नक्की काय मिळणार हे आधी धड सांगितलं नव्हतं, त्यावरही आरडाओरड झाली. पुढे डिसेंबरमध्ये आलेला सीझन ऑफ इन्फमी हा जास्तीचा भाग लोकांना बरा वाटला, विशेषतः मिस्टर फ्रीझचा भाग.

नंतर

पॅच, म्हणजे दुरुस्त्या, येत गेले, नवी मशीन्स आली आणि पीसीचा घोळ त्या जोरावरच मागे पडला. सप्टेंबर २०१९ मध्ये एपिक स्टोअर या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने आर्खमचे तीन गेम आठवडाभर फुकट दिले, आपल्याकडे तेव्हा ज्यांनी कधी गेम विकत घेतला नव्हता अशा पोरांनी पण अकाउंट उघडून ते घेऊन ठेवले. ही नवी मंडळी २०१५ चा राग सोबत घेऊन आलेली नव्हती. त्यांना दिसला तो पावसात भिजलेला, निऑनने चमकणारा गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, केपवर ओघळणारे थेंब, आणि हे सगळं अनरिअल इंजिन ३ वर केलंय हे कळल्यावर ते अजूनच थक्क. २०२२ मध्ये गॉथम नाइट्स हा दुसरा गेम आला तेव्हा लोकांनी दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि सात वर्षं जुना गेम जास्त सुंदर दिसतो असं म्हणायला लागले. डिसेंबर २०२३ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सनच्या बॅटमॅनचा पोशाख या गेममध्ये अचानक टाकला गेला, आठ वर्षांनी. त्याच महिन्यात निन्टेंडो स्विचवरही आला आणि तिथे तो इतका अडखळला की जुन्या लोकांना २०१५ आठवलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉकस्टेडीचाच सुसाइड स्क्वॉड हा गेम आला, त्याच जगातला. केविन कॉन्रॉय १० नोव्हेंबर २०२२ ला गेले होते, त्यांचा आवाज त्यात होता, आणि त्या गेममध्ये हार्ली क्विन बाकावर बसवलेल्या बॅटमॅनला गोळी घालते. दहा-पंधरा वर्षं ज्याच्या आवाजात बॅटमॅन ऐकला त्याला असा निरोप, हे चाहत्यांना सहन झालं नाही आणि बरेच जण सरळ आर्खम नाइट पुन्हा इन्स्टॉल करून बसले. पुढे जानेवारी २०२५ मधल्या शेवटच्या भागात तो खरा बॅटमॅन नव्हता, क्लोन होता असं दाखवलं, पण तोवर बहुतेकांनी गेम सोडलेला होता. त्यांच्यासाठी बॅटमॅन अजून आर्खम नाइटच्या शेवटीच आहे, वेन मॅनरच्या दारातून आत गेला, घर स्फोटात उडालं, आणि गल्लीत दोन चोरांसमोर धुरातून काळी सावली उभी राहिली, ती त्याची की दुसऱ्या कोणाची यावर भांडण चालू आहे.