कोतेत्सु दिसली की आधी खोटी समजा: जपानी तलवारींच्या बनावटीची पार्श्वभूमी

‘अस्सल सामुराई तलवार, सतराव्या शतकातली, मासामुनेची सही असलेली’ अशा जाहिराती ऑनलाइन बाजारात हव्या तेवढ्या सापडतात. मासामुने हा सागामी प्रांतातला लोहार. त्याचा काळ तेराव्या शतकाचा शेवट आणि चौदाव्याची सुरुवात, म्हणजे जाहिरातीतल्या काळाच्या तीनशे वर्षे आधीचा. त्याची सही असलेली आणि पारख्यांनी मान्य केलेली पाती अगदी मोजकी आहेत. तरीही ही सही विकली जाते, कारण जपानी तलवारीची किंमत फार पूर्वीच पोलादावरून नावावर सरकली होती. फसवणुकीचे मूळ तिथे आहे, इंटरनेट त्यात पुष्कळ उशिरा आले.

तोकुगावा घराण्याच्या राजवटीत, सतराव्या शतकापासून, जपानात दीर्घ शांतता आली. लढाईत तलवारीची गरज उरली नाही, पण दरबारात तिचे महत्त्व वाढले. वारसा मिळाला, लग्न झाले, शोगुनची, म्हणजे देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाची, भेट ठरली की सरदाराने नामांकित लोहाराची तलवार नजर करायची आणि शोगुनकडूनही तशीच परत मिळायची. आता नामांकित लोहार मरून तीनशे-चारशे वर्षे झालेली आणि मागणी मात्र दरवर्षी नवी. शिवाय जुन्या लांब तलवारी वापराच्या सोयीसाठी मुठीकडून कापून आखूड करण्याची प्रथा होती. त्यात सही असलेला भाग निघून जाई आणि उत्तम पातीसुद्धा निनावी होत. 1657 च्या आगीत एदो (आजचे टोक्यो) शहराबरोबर कित्येक प्रसिद्ध तलवारी होरपळल्या. नाव सांगणारा कुणीतरी हवाच होता.

हे काम होनआमी घराण्याकडे होते. पिढ्यानपिढ्या तलवारींना जिल्हई देणारे आणि पारखणारे हे लोक. पाते कुणाचे आणि त्याचे मोल किती, हे ते घडी घातलेल्या कागदावर लिहून देत. त्या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत. शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून त्यांनी 1719 मध्ये देशातल्या प्रसिद्ध तलवारींची यादी सादर केली, ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. होनआमींची विद्या अस्सल होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दरबाराला मोठी नावे हवी होती आणि पुढच्या काळातले कागद उत्तरोत्तर सैल होत गेले, हेही खरे. चांगल्या निनावी पात्याला मोठे नाव लागे, आणि कागद मोलाचा ठरला तसे कागदही खोटे बनू लागले.

बनावट सहीला जपानीत ‘गिमेइ’ म्हणतात. तिचा सगळ्यात मोठा बळी नागासोने कोतेत्सु. हा आधी चिलखते घडवायचा, मग एदोत येऊन तलवारी घडवू लागला. 1797 मध्ये छापलेल्या ‘काइहो केन्जाकु’ या ग्रंथाने धारेच्या कसोटीवर त्याला सर्वोच्च श्रेणीत बसवले. प्रत्येक सामुराईला कोतेत्सु हवी झाली, आणि ‘कोतेत्सु दिसली की खोटी समजावी’ अशी म्हणच पडली. शिन्सेनगुमी या शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या तलवारबाजांच्या दलाचा नायक कोन्दो इसामी आपल्या कोतेत्सुचा अभिमान बाळगायचा. ती खरे तर कियोमारो या समकालीन लोहाराची आणि कोतेत्सुची सही नंतर कोरलेली, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे आज ठरवता येत नाही, पण ही गोष्ट लोकांना पटली यावरूनच तो बाजार कळतो.

खोटी सही कशी कोरत हे समजले की फोटोत काय पाहायचे ते आपोआप कळते. मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या टोकाला ‘नाकागो’ म्हणतात. त्या भागाला जिल्हई देत नाहीत, त्यावरचा गंजही काढत नाहीत, आणि शतकानुशतके हवा लागून त्यावर गडद तपकिरी ते काळा, गुळगुळीत गंज चढतो. जुनी सही या गंजाच्या खाली असते, खाचेच्या तळापर्यंत गंजाचा रंग तोच असतो. नंतर कोरलेली सही गंज फोडून आत जाते, खाचेच्या कडा तीक्ष्ण राहतात आणि आतला रंग वेगळा पडतो. तो लपवायला रसायन लावले की येणारा गंज तांबूस, पिठूळ आणि सगळीकडे सारखाच असतो. प्रत्येक घराण्याची कानस मारण्याची दिशा ठरलेली, छिन्नीचा हात ठरलेला. अक्षराचा आकार हुबेहूब काढणारे बरेच निघाले, पण ठोक्याची लय उचलणे फार अवघड. म्हणून जो विक्रेता म्यानाचे दहा फोटो देतो आणि नाकागोचा एकही देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

1876 च्या फर्मानाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी झाली. लोहार सुऱ्या आणि अवजारांकडे वळले, आणि परदेशी प्रवाशांसाठी हाडाच्या, हस्तिदंताच्या कोरीव म्यानांत सामान्य पाती बसवून विकली जाऊ लागली. त्या शोभेच्या वस्तू आज ‘राजघराण्यातली तलवार’ म्हणून फिरतात.

विसाव्या शतकातल्या लष्करी तलवारींचा प्रश्न वेगळा आहे. 1935 ची ‘प्रकार 95’ ही बिनसनदी अधिकाऱ्यांची (हवालदार वगैरेंची) तलवार यंत्रावर तयार झाली आणि प्रत्येकीवर अनुक्रमांक ठोकला गेला. तिच्या नकला बाजारात अमाप आहेत. अंक वेडेवाकडे, मुठीचे ओतकाम ओबडधोबड, आणि कारखान्याचे शिक्के चुकीच्या जागी, ही त्यांची ठळक लक्षणे.

1945 नंतर विजेत्या सैन्याने तलवारी शस्त्र म्हणून जप्त केल्या, कित्येक नष्ट झाल्या. होन्मा जुन्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या कलावस्तू आहेत हे पटवून दिले, म्हणून उरलेल्या वाचल्या. त्यांचे हे ऋण मोठे आहे. 1948 मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली आणि पुढे सरकारी नोंदणी सुरू झाली. इथेच खरेदीदार सर्वांत जास्त फसतो. नोंदणीपत्र म्हणजे केवळ तलवार बाळगण्याची कायदेशीर नोंद, त्यात लांबी आणि सही लिहिलेली असते, सही खरी असल्याची हमी नसते. तलवार देशाबाहेर जाताना ते पत्र परत करून निर्यातीचा परवाना घ्यावा लागतो. म्हणून परदेशातला विक्रेता मूळ नोंदणीपत्र दाखवून भाव वाढवत असेल तर तिथेच थांबावे. यंत्रावर तयार झालेल्या लष्करी तलवारींची तर जपानात नोंदणीच होत नाही, तेव्हा अशी तलवार ‘थेट जपानहून’ पाठवतो म्हणणाऱ्याचा दावा टिकत नाही.

पारखीची प्रमाणपत्रे निराळी, ती 1948 मध्ये उभी राहिलेली संस्था देते. पण तिच्या जुन्या पद्धतीतली हिरवी प्रमाणपत्रे मोठ्या नावांच्या बाबतीत बदनाम झाली आणि 1982 मध्ये नवी पद्धत आणावी लागली. त्या जुन्या कागदांवर आजही तलवारी विकल्या जातात. होनआमींच्या कागदाचे झाले तेच पुन्हा झाले.

आजची बहुतेक स्वस्त ‘कताना’ (लांब जपानी तलवार) चीनच्या झेज्यांग प्रांतातल्या लोंगछ्वान शहरातून येते. त्या शहराची तलवारीची परंपरा फार जुनी आहे. सरावासाठी किंवा शोभेसाठी म्हणून विकलेल्या तिथल्या मालात काही गैर नाही. गैर आहे ते त्यावर गंज चढवून, दोन चिनी अक्षरे ठोकून तिला तीनशे वर्षांची म्हणण्यात. अशा पात्याच्या धारेलगतची लाटेसारखी रेषा बहुधा आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते, ती सपाट पांढरी दिसते. पाणी देऊन आलेल्या खऱ्या रेषेत प्रकाश तिरका पाडला की बारीक चमकते कण दिसतात. घडी घातलेल्या पोलादाची नक्षी लांबूनच डोळ्यात भरत असेल तर तीही बहुधा रसायनाचीच.

जपानात परवानाधारक लोहाराला किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि महिन्याला दोनच लांब तलवारी घडवण्याची मुभा असते. त्याचे ‘तामाहागाने’ पोलाद मुख्यतः शिमाने प्रांतातल्या, 1977 मध्ये पुन्हा पेटवलेल्या भट्टीतून येते. हा हिशेब धरला, तर काही हजार रुपयांत घरपोच मिळणारी ‘जपानी लोहाराची नवी तलवार’ जपानी लोहाराची असूच शकत नाही.