'बाबा'मधल्या चार दांड्या

भाचीच्या लग्नपत्रिकेचा नमुना छापखान्याकडून आधी फोटो म्हणून आला, मग पीडीएफ म्हणून. फोटो मोठा केला की 'श्री'च्या कडा खडबडीत दिसायच्या. पीडीएफ कितीही मोठी केली तरी वळण गुळगुळीतच. "पण पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच ना?" ताईने विचारलं. स्कॅन केलेल्या कागदाचं तसं असतं. संगणकावर जुळवलेल्या मजकुरात मात्र अक्षराचं चित्र नसतं, ते कसं काढायचं याची कृती असते.

अशी कृती छपाईयंत्राला सांगणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या ॲडोबी कंपनीने घडवली. अमेरिकेतल्या युटा राज्यात वाढलेले वॉरनॉक नववीत बीजगणितात नापास झाले होते. पुढे एका शिक्षकांनी पुस्तकातली झाडून सगळी गणितं सोडवायला लावली, तेव्हा गोडी लागली. 'नापास होणारेच मोठे होतात' असे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी हा उत्तरार्धही सांगावा. डिसेंबर १९८२मध्ये ॲडोबी सुरू केली तेव्हा वॉरनॉक ४२ वर्षांचे होते, पाठीशी पीएचडी होती आणि झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेतला अनुभव होता. तिथे दोघांनी अशीच एक भाषा तयार केली होती, पण कंपनी ती बाहेर काढेना, म्हणून त्यांनी नोकरी सोडली.

आता अक्षराचं वळण काढायची कृती पाहू. कागद घ्या. अ, ब, क, ड असे चार ठिपके द्या आणि ओळीने जोडा. तिन्ही रेषांचे मध्यबिंदू काढून ते जोडा. या दोन नव्या रेषांचे मध्यबिंदू जोडा. शेवटी उरलेल्या एका रेषेचा मध्यबिंदू, या चार बिंदूंनी ठरणाऱ्या अ ते ड वक्रावर असतो! तिथे वक्राचे दोन तुकडे होतात, प्रत्येकाला स्वतःचे चार बिंदू मिळतात, आणि तीच कृती पुन्हा करता येते. तुकडे सरळ रेषेइतके छोटे झाले की थांबायचं. दोनाने भागणं म्हणजे द्विमान (फक्त ० आणि १ यांत लिहिलेली) संख्या एक घर उजवीकडे सरकवणं, त्यामुळे संगणकाला हे फार स्वस्त पडतं. हे गणित मोटारींचे पत्रे आखण्यासाठी सिट्रोएनच्या पॉल द कास्तेल्जो आणि रेनोच्या पिएर बेझिए यांनी वेगवेगळं शोधलं होतं. अक्षराची बाह्यरेषा अशा वक्रांनी बांधली की चार बिंदूंत एक वळण मावतं, आणि आकार हवा तेवढा मोठा करता येतो.

खरी अडचण लहान अक्षरांत होती. तेव्हाचा लेझर प्रिंटर इंचाला ३०० ठिपके छापायचा. 'बाबा' शब्दात चार उभ्या दांड्या आहेत. समजा, प्रत्येकीची जाडी ४.४ ठिपके आहे. ज्या ठिपक्याचा मध्य दांडीत येतो, तो काळा करायचा. दांडी बरोबर एखाद्या ठिपक्याच्या चौकोनी घराच्या कडेवर सुरू झाली तर ४ ठिपके काळे होतात, ०.३ ठिपका पुढे सुरू झाली तर ५. एकाच शब्दात एक दांडी दुसरीपेक्षा सव्वापट जाड! वॉरनॉक यांचा उपाय असा: आधी बाह्यरेषाच किंचित सरकवायची, दांड्या पूर्ण ठिपक्यांवर आणि सारख्या जाडीच्या बसवायच्या, मग आतला भाग काळा करायचा. शिरोरेषेलाही हे लागू आहे; एका अक्षराची शिरोरेषा ठिपकाभर वर गेली तरी शब्दात पायरी दिसते. मला त्यांच्या सगळ्या कामात हा उपाय सर्वांत देखणा वाटतो.

ॲडोबीला सुरुवातीला यंत्रंही विकायची होती. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी मात्र फक्त सॉफ्टवेअर मागितलं, आणि वॉरनॉक-गेश्की यांनी ठरलेला बेत मोडला. १९८५च्या ॲपल लेझररायटर या प्रिंटरमध्ये पोस्टस्क्रिप्ट होती. त्या प्रिंटरचा प्रोसेसर त्याला जोडायच्या मॅकिंटॉश संगणकापेक्षा वेगवान होता, कारण ८४ लाख ठिपक्यांचं पान तोच रंगवत असे.

दांड्या सरकवण्याची युक्ती ॲडोबीने पेटंट न घेता गुपित ठेवली, कारण पेटंट घेतलं तर ती उघड करावी लागली असती. १९८९मध्ये ॲपल आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या ट्रूटाइप अक्षरांची घोषणा केली, तेव्हा पुढच्याच वर्षी ॲडोबीला आपल्या अक्षरांची रचना छापून सर्वांना खुली करावी लागली.