ओल्या काळ्या रानात उसाच्या रोपाचा गड्डा कोरडा का पडतो?

ऑक्टोबरच्या उन्हात वाळवा, पलूस, कराड भागात पूर्वहंगामी उसाची लावण सुरू झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. रोपवाटिकेतून आणलं तेव्हा रोप हिरवंगार होतं, सरीला पाणी देऊन लावलं, रान अजून ओलं आहे. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानांची सुरळी झाली आणि शेंडे करपले. मग दोष रोपवाटिकेला दिला जातो, नाहीतर वाणाला. अमावास्येच्या आसपास लावण केली म्हणून असं झालं, असं सांगणारेही भेटतात. बहुतेक वेळा खरं कारण याहून साधं असतं. रान ओलं असतं, पण मुळांभोवतीचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गड्डा कोरडा पडलेला असतो.

वाणाचा मुद्दा आधी बाजूला काढू. ऊस आपण बियाणं पेरून लावत नाही, कांडीवरच्या डोळ्यापासून वाढवतो. म्हणजे को 86032 या वाणाचं प्रत्येक रोप हे त्याच एका मूळ उसाची हुबेहूब प्रत आहे, मग ते फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावरचं असो की मिरज तालुक्यातल्या रानातलं. एकाच ट्रेमधली निम्मी रोपं जगली आणि निम्मी वाळली, तर त्याचं कारण आनुवंशिक गुणात सापडणार नाही. फरक त्यांच्या भोवतालात शोधायला हवा.

रोप तयार होण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बेणेमळ्यातल्या, म्हणजे बेण्यासाठी राखलेल्या, 9 ते 11 महिन्यांच्या उसाचा एकेक डोळा काढतात, बेणेप्रक्रिया करून तो कोकोपीट भरलेल्या ट्रेच्या कपात ठेवतात आणि शेडनेटखाली साधारण महिनाभरात चार-पाच पानांचं रोप मिळतं. या रोपाला दोन प्रकारची मुळं असतात. पहिली कांडीवरच्या मुळ्यांच्या वलयातून फुटतात. ती बारीक, फाटे फुटलेली आणि तात्पुरती असतात. दुसरी कोंबाच्या बुडातून येतात. ती पांढरी, जाड आणि रसरशीत असतात, आणि पुढे त्या उसाला तीच पोसतात. लावणीच्या वेळी रोप मुख्यतः पहिल्या प्रकारच्या मुळांवर जगत असतं, आणि ती सगळीच्या सगळी कपाएवढ्या गड्ड्यात कोंडलेली असतात. आजूबाजूच्या मातीत त्याचं एकही मूळ गेलेलं नसतं.

आता पाण्याकडे येऊ. कोकोपीट असो वा माती, पाणी त्यातल्या बारीक पोकळ्यांत धरलं जातं. पोकळी जितकी बारीक, तितकी तिची पाण्यावरची पकड घट्ट. ही पकड, म्हणजे ओढ, सेंटिमीटरमध्ये मोजता येते. 50 सेंमी ओढ म्हणजे 50 सेंमी उंचीचा पाण्याचा स्तंभ लटकवून धरण्याइतकं बळ. ट्रेचा कप साधारण 5 सेंमी खोल असतो. पाणी देऊन निथळू दिलं की कपाच्या तळाशी ओढ जवळपास शून्य आणि वरच्या कडेला जेमतेम 5 सेंमी. कपाच्या तळाला भोक असतं, पण त्याखाली नुसती हवा असते आणि हवा पाणी खेचत नाही. म्हणून निथळल्यानंतरही कपातलं कोकोपीट पाण्यानं तुडुंब असतं. ओला स्पंज आडवा धरला की ठिबकायचा थांबतो आणि उभा केला की पुन्हा ठिबकू लागतो, त्यामागेही हेच गणित आहे: उंची वाढली की खालच्या टोकातून पाणी सुटतं.

हा गड्डा रानात लावताच त्याचा तळ नाहीसा होतो. आता त्याच्या खाली आणि चहूबाजूंना माती असते, आणि कृष्णा-वारणाकाठच्या भारी काळ्या मातीतल्या पोकळ्या कोकोपीटच्या पोकळ्यांपेक्षा कितीतरी बारीक असतात. वाफशावर आलेल्या, म्हणजे जादा पाणी निथळून मशागतीजोगी ओल उरलेल्या, अशा मातीत ओढ 100 ते 300 सेंमीच्या घरात असते. हाताला ती गार आणि ओली लागते, पण गड्ड्यातल्या पाण्याच्या दृष्टीनं ती तहानलेलीच असते. कोकोपीट आपलं सहज मिळणारं बहुतेक पाणी 10 ते 100 सेंमी ओढीच्या दरम्यान सोडून देतं. त्यामुळे लावणीनंतर काही तासांतच त्यातला मोठा वाटा मातीत निघून जातो. पानं पितात ते वेगळंच.

इथे एक शंका येईल. मुळं तर जवळपास 15,000 सेंमी ओढीपर्यंत पाणी खेचू शकतात, मग 300 सेंमीला रोप का कोमेजावं? कारण ताकद असून भागत नाही, पाणी मुळापर्यंत वाहत यावं लागतं. कोकोपीटमधल्या मोठ्या पोकळ्या रिकाम्या झाल्या की तिथे हवा भरते आणि पाण्याची वाट तुटते. उरतो तो तंतूंवरचा पातळ थर आणि तंतूंच्या आतली ओल. ओढ 10 सेंमीवरून 100 सेंमीवर गेली की पाणी वाहण्याचा वेग शेकडो, कधी हजारो पटींनी घटतो. मुळाला चिकटलेल्या कोकोपीटमधलं पाणी संपतं आणि दोन बोटांवरच्या ओल्या मातीतलं पाणी दुपारच्या उन्हात पानांच्या मागणीला पुरेल अशा वेगानं पोचत नाही. गड्डा आणि माती यांच्यात फट राहिली असेल तर तेही बंद. काळी माती वाळताना आक्रसते, त्यामुळे ही फट रोज रुंदावत जाते.

पटत नसेल तर घरीच पडताळून पाहता येतं. रोप नसलेला कोकोपीटचा ओला, निथळलेला गड्डा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, वाफशावरच्या काळ्या मातीत रात्रभर पुरून ठेवा आणि सकाळी हलक्या हातानं माती झटकून पुन्हा तोला. कमी भरलेलं वजन म्हणजे मातीनं ओढून घेतलेलं पाणी.

ठिबकवर हाच प्रकार एका ठरावीक नक्षीत दिसतो. दर 40 सेंमीवर ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड, असलेली इनलाइन नळी अंथरायची आणि रोपं 2 फुटांवर, म्हणजे सुमारे 60 सेंमीवर लावायची, ही नेहमीची पद्धत. पहिलं रोप ड्रिपरखाली आलं, तर दुसरं दोन ड्रिपरच्या बरोबर मधे, दोघांपासून 20 सेंमीवर येतं, आणि तिसरं पुन्हा ड्रिपरखाली. ओल 20 सेंमीपर्यंत पसरते, वरून पट्टा सलग काळा दिसतो. पण तिथे पोचलेलं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांनी धरलेलं असतं, ते गड्ड्यात शिरत नाही. म्हणून एकाआड एक रोप मलूल दिसलं, तर रोग शोधण्याआधी नळी आणि रोप यांच्यातलं अंतर टेपनं मोजावं.

उपाय या गणितातूनच निघतात. लावणीपूर्वी ट्रे पाण्यात बुडवून गड्डे पूर्ण भिजवावेत. लावणीआधी आठवडाभर शेडनेट काढून रोपं उन्हाला सरावलेली असावीत, आणि पानांचे लोंबते शेंडे छाटावेत, म्हणजे पाण्याची मागणी घटते. खड्डा खुरप्यानं भुसभुशीत मातीत घ्यावा. चिखलात पहार खुपसून केलेल्या भोकाच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, नवी मुळं त्यांच्यात शिरत नाहीत आणि आतच गोल फिरत राहतात. गड्डा बसवल्यावर बाजूची माती दाबावी; गड्डा स्वतः दाबू नये, आतली मुळं तुटतात.

गड्ड्यावर दीड-दोन सेंमी माती यायलाच हवी, आणि हेच सगळ्यात जास्त चुकतं. कोकोपीट उघडं राहिलं तर आतलं पाणी वर खेचलं जाऊन हवेत उडत राहतं. शिवाय कोंबाच्या बुडाला माती लागली की तिथून फुटणारी जाड मुळं थेट मातीत उतरतात, त्यांना कोकोपीटमधून वाट काढावी लागत नाही. मात्र पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, चिखल जाऊ देऊ नये, शेंडा कुजतो.

त्यानंतर पहिले 8-10 दिवस पाणी थोडं, पण वारंवार, आणि थेट बुंध्याशी. सरी तुडुंब भरून आठवडाभर विसरून जाणं इथे उपयोगाचं नाही. सरीत पाणी उभं असेपर्यंत गड्डा भिजतो आणि ते जिरलं की माती तो पुन्हा निथळून घेते. ठिबकच्या दोन ड्रिपरमधल्या रोपांना रोज सकाळी 100-150 मिली पाण्याची आळवणी केली, म्हणजे तेवढं पाणी बुंध्याशी ओतलं, तरी मोठा फरक पडतो. आळवणीत ‘मुळं वाढवणारं’ महागडं टॉनिक मिसळलं आणि रोप तरारलं, तर श्रेय बाटलीला जातं. काम मात्र त्यासोबत गेलेल्या पाण्यानं केलेलं असतं. मुळं फोडणारी संजीवकं मुळं नसलेल्या छाटकलमावर उपयोगी पडतात हे खरं, पण इथे मुळं आधीच आहेत, अडचण पाणी पोचण्याची आहे. डीएपी, युरिया किंवा पोटॅश गड्ड्याला टेकवणं तर घातकच. विरघळलेले क्षार स्वतःची वेगळी ओढ निर्माण करतात आणि उरलंसुरलं पाणीही मुळाला मिळत नाही. खत दोन-तीन इंच बाजूला आणि खाली पेरावं. तिथीबद्दल बोलायचं तर मातीतली ओढ पोकळ्यांच्या आकारावर आणि ओलाव्यावर ठरते, चंद्राच्या कलेवर ठरत नाही. वाफसा चुकवून मुहूर्त साधणाऱ्याचं त्यात नुकसान होतं.

आडसालीत, जुलै-ऑगस्टमध्ये, ढगाळ हवेमुळे पानांची मागणी कमी असते आणि हा त्रास क्वचितच जाणवतो. तिथे साचलेल्या पाण्याची काळजी जास्त. ‘सुरू’ या हिवाळी लावणीच्या हंगामात थंडीमुळे मुळं सावकाश वाढतात, म्हणून बुंध्याशी पाणी देण्याचे दिवस थोडे वाढवावेत.

आठव्या दिवशी कडेचं एखादं रोप हळूच उकरून पाहावं. गड्ड्याबाहेर मातीत पांढरी मुळं गेलेली दिसली तर नेहमीच्या पाळीनं पाणी सुरू करायला हरकत नाही. मुळं नुसती गड्ड्याभोवती गुंडाळलेली असतील, तर रोपं ट्रेमध्ये जास्त दिवस राहिली होती किंवा खड्ड्याच्या भिंती घोटल्या गेल्या, असं समजावं. 5 बाय 2 फुटांच्या लावणीत एकरी 4,356 रोपं बसतात. त्यावर दोनशेएक रोपं जादा आणून बांधाच्या सावलीत ट्रेमध्येच जपावीत आणि नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, दोन आठवड्यांच्या आत भरून घ्याव्यात. त्याहून उशिरा लावलेलं रोप शेजारच्या फुटव्यांच्या सावलीत अडकतं, आणि ट्रेमध्येच वय झालेल्या त्याच्या मुळांची गुंडाळीही तोवर घट्ट झालेली असते.